बोरघाटाच्या चढणीवरील मजूर-टोळ्या आणि कामाचे वेळापत्रक (१८५६–१८६३)

मुंबई–पुणे लोहमार्गाच्या इतिहासात बोरघाटाच्या चढणीचे वर्णन बहुधा स्थापत्याचा पराक्रम म्हणून केले जाते. किती बोगदे, किती पूल, किती उंची, किती खर्च, हे आकडे प्रत्येक ग्रंथात सापडतात आणि ते खरोखरच विस्मयकारक आहेत. तथापि ज्या प्रश्नामुळे हे काम एकदा जवळजवळ कोसळण्याच्या बेतास आले, तो प्रश्न स्थापत्याचा नव्हता. हजारो माणसे एका अरुंद डोंगरकडेवर कोणत्या महिन्यात आणावयाची, कोणाच्या हाताखाली ठेवावयाची, कोणत्या कामामागून कोणते काम लावावयाचे, आणि त्यांचा पैसा केव्हा व कोणाच्या हातून द्यावयाचा, असा तो प्रश्न होता. प्रस्तुत लेखात ह्याच अंगाने त्या बांधकामाचा विचार करावयाचा आहे. (इंग्रजी कागदपत्रांत 'भोर घाट' असे रूप आढळते. मराठीत रूढ असलेले 'बोरघाट' हेच नाव येथे वापरले आहे.)

प्रथम कामाचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेली. १८५४ मध्ये मार्ग कल्याणपर्यंत पोचला व १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत गेला. घाटमाथ्यावरचा खंडाळा ते पुणे हा भाग १८५८ मध्ये सुरू झाला. म्हणजे वरचा आणि खालचा असे दोन्ही मार्ग तयार, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. जवळजवळ पाच वर्षे उतारूंना ह्या मधल्या टप्प्यात पालखी, डोली अथवा बैलगाडी यांचा आश्रय करावा लागे. हे अंतर लोहमार्गाने जोडणारी चढण सुमारे पावणेसोळा मैलांची असून तिच्यात मार्ग १,८३१ फूट वर चढतो. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांत १ फूट असा आहे. मूळ रचनेत २५ बोगदे होते व त्यांची एकूण लांबी सव्वादोन मैलांहून थोडी अधिक भरत असे. मोठे कमानी पूल ८ होते. खोदाई १६ लक्ष घनयार्डांच्या वर व भराव १८ लक्ष घनयार्डांच्या वर झाला. खोदाईतील बहुतांश भाग काळ्या कातळाचा होता आणि तो पहार, घण व सुरुंगाची दारू यांच्या साहाय्याने माणसांच्या हातांनीच फोडला गेला.

कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले यांनी मार्गाची आखणी केली. चढणीचे कंत्राट १८५५ च्या अखेरीस विल्यम फ्रेडरिक फॅव्हिएल या इंग्रज कंत्राटदारास देण्यात आले आणि २४ जानेवारी १८५६ रोजी कामास आरंभ झाला. मुंबई–ठाणे मार्ग बांधणाऱ्या दोघा भागीदारांपैकी फॅव्हिएल हा एक. तेव्हा ह्या देशातील मजुरांशी त्याचा परिचय नव्हता असे म्हणता येणार नाही. परंतु सपाट भूमीवरील अनुभव घाटात कितपत उपयोगी पडला असेल याविषयी शंका घेण्यास पुष्कळ जागा आहे. सपाटीवर एखादी टोळी न आली तर दुसऱ्या ठिकाणी दुसरी लावता येते. राहिलेला भराव मागाहून पुरा करता येतो. कामाच्या जागेपर्यंत बैलगाडी जाते. घाटात ह्यांपैकी काहीच सुकर नव्हते. काही ठिकाणी कडा इतका तुटलेला होता की पहिले भोक पाडण्यासाठी माणसांना वरून दोरांनी खाली सोडावे लागे. त्यांनी पाय ठेवण्यापुरती जागा कोरावी, मग तेथे चार माणसे उभी राहावीत, मग पायवाट व्हावी आणि त्यानंतरच टोळी उतरावी, असा क्रम होता. म्हणून घाटातील पहिल्या महिन्यांत माणसे कितीही उपलब्ध असली तरी त्यांना उभे राहण्यास जागा नव्हती.

आता ऋतूंचा हिशेब पाहू. घाटमाथ्याचा हा पट्टा अतिवृष्टीचा आहे. जूनच्या आरंभापासून सप्टेंबरअखेरपर्यंत उघड्यावरील खोदाई, भराव आणि विशेषतः चुन्याचे बांधकाम जवळपास थांबे. बोगद्यांच्या पोटातील काम तेवढे आडोशाला चालू ठेवता येई. म्हणजे कंत्राटाचे वर्ष कागदावर बारा महिन्यांचे असले तरी डोंगरावर ते आठ महिन्यांचे होते. जानेवारी १८५६ ते एप्रिल १८६३ हा काळ सव्वासात वर्षांचा. त्यातून पावसाळे वजा केले तर मोकळ्या कामाचे अंदाजे साठच महिने हाती राहतात.

परंतु ह्या साठ महिन्यांतही माणसे मिळण्याचे पंचांग निराळे होते. घाटावर येणारा मजूर मुख्यतः शेतकरी अथवा शेतीवर अवलंबून असणारा. कोकणात भात कापून झोडल्याखेरीज आणि देशावर खरिपाची रास घरात आल्याखेरीज तो गाव सोडीत नसे. पाऊस ऑक्टोबरात उघडला तरी टोळ्या भरू लागत त्या दिवाळीनंतर, आणि त्यांची संख्या पूर्णत्वास येई ती जानेवारीच्या सुमारास. उलट बाजूने पाहता, मृगाच्या पेरणीसाठी घरी पोचावयाचे तर मे महिन्यातच वाट धरावयास हवी. कंत्राटदाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असे जे पावसाळ्यापूर्वीचे शेवटचे पंधरवडे, ज्या काळात अर्धवट कमानी मिटवून घ्यावयाच्या आणि भरावाच्या कडा पक्क्या करावयाच्या, नेमक्या त्याच वेळी मजुराचे लक्ष आपल्या शेताकडे लागलेले असे. इंग्रज लेखकांनी ह्या गोष्टीस मजुरांचा चंचलपणा असे नाव दिलेले आढळते. वस्तुतः त्यात चंचलपणा मुळीच नाही. मजुराचे वेळापत्रक कंत्राटदाराच्या वेळापत्रकापेक्षा अधिक जुने व अधिक पक्के होते, एवढाच त्याचा अर्थ.

शिवाय मजुरांसाठी स्पर्धाही होती. त्याच काळात कंपनीचा ईशान्येकडील मार्ग थळघाटाकडे सरकत होता व त्या चढणीसही पुष्कळ माणसे हवी होती. सडका आणि इतर सरकारी कामे चालू होती. १८६१ नंतर अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि मुंबईत मजुरीचे दरही वाढले. तेव्हा 'हिंदुस्थानात माणसांना काय तोटा' ही समजूत घेऊन येथे उतरलेल्या कंत्राटदारास लवकरच कळून येई की माणसे पुष्कळ असणे आणि हव्या त्या जागी, हव्या त्या दिवशी, हव्या त्या कसबाची माणसे असणे ह्या दोन अत्यंत भिन्न गोष्टी आहेत.

कसबाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. टोपलीने माती-दगड वाहणारे हात आसपासच्या प्रदेशातून मिळत. कातळात भोके पाडून सुरुंग भरणारे कामगार त्यामानाने थोडे. गवंडी तर फारच दुर्मिळ. चांगले गवंडी व पाथरवट कच्छ-काठेवाडपासून आणावे लागत. उंच पुलांचे पहाड बांधणे, दोर-कप्प्या लावून जड दगड वर चढविणे ह्यासाठी समुद्रावरच्या खलाशांचा उपयोग करण्यात आला. यातून जी अडचण उद्भवते तिचे स्वरूप पुढे विसाव्या शतकात विकसित झालेल्या नियोजनशास्त्राच्या परिभाषेत चांगले मांडता येते. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या कामांसाठी 'निर्णायक मार्ग' म्हणून ओळखली जाणारी पद्धत तयार झाली. तिचे सार असे की, शेकडो कामांपैकी थोड्याच कामांची एक साखळी साऱ्या बांधकामाची मुदत ठरविते आणि इतर कामांत कितीही माणसे ओतली तरी मुदत एका दिवसानेही कमी होत नाही. बोरघाटात ही साखळी लांब बोगद्यांतून आणि उंच पुलांतून जात होती. बोगद्याच्या तोंडाशी एका वेळी मोजकीच माणसे काम करू शकतात. चारशे यार्डांहून लांब असलेला बोगदा दोन्ही तोंडांनी, दिवस-रात्रीच्या पाळ्या लावून फोडला तरी त्याची गती कातळ ठरवितो. पुलावर माणसांची संख्या गवंड्यांच्या आणि चुन्याच्या पुरवठ्याने बांधलेली असते. म्हणून बिगारी मजुरांची संख्या दुप्पट झाली म्हणजे काम दुप्पट झाले, असे बोरघाटाच्या बाबतीत धरता येत नाही. पंचवीस बोगद्यांमुळे एक सोय मात्र झाली. हल्ला करण्यास तोंडे पुष्कळ मिळाली आणि एका टोळीचा खाडा झाला तर साऱ्या मार्गाचे काम अडले नाही.

आतापर्यंत 'टोळी' हा शब्द आपण वारंवार वापरला. तिची घडण समजून घेतल्याशिवाय पुढील घटनांचा उलगडा होणार नाही. अभियंत्याच्या वहीत मजूर एकेक मोजला जाई. प्रत्यक्ष कामावर तो एकेकटा नसे. पुरुषाने फोडावे, बायकोने व मुलांनी टोपल्या वाहाव्यात, असे कुटुंब हाच मातकामाचा घटक होता. अशी काही कुटुंबे, बहुधा एका गावची वा एका जातीची, एका मुकादमाच्या मागे येत. वडार-बेलदारांसारख्या पिढीजात माती-दगडाच्या धंद्यातील जमातींत तर ही घडण अगोदरच तयार होती. तिला कंत्राटदाराने निर्माण केले नव्हते आणि ती त्याला मोडताही येत नव्हती. येथे ढकलगाडीची सुप्रसिद्ध गोष्ट आठवते. मजुरांना इंग्रजी धर्तीच्या हातगाड्या दिल्या असता त्यांनी त्या भरून डोक्यावर घेतल्या, अशी ती कथा इतक्या ठिकाणांच्या संबंधात सांगितली जाते की ती कोणत्याच ठिकाणी घडली नसावी असे वाटू लागते. खरा मुद्दा साधा आहे. कड्यावरच्या पायवाटेवर हातगाडी चालत नाही, टोपली चालते. आणि टोपलीमुळे कुटुंबातील प्रत्येक हाताला मजुरी मिळते.

मुकादमाचे स्थान दुहेरी होते. कंत्राटदारास माणसे पुरविणारा तो, आणि माणसांना पैसा पोचविणाराही तोच. गाव सोडण्यापूर्वी मजुरास उचल द्यावी लागे, ती बहुतेक त्याच्याच हातून जाई. कामाचे मोजमाप झाले की रक्कम त्याच्याकडे येई आणि मग तो ती वाटून देई. वाटताना उचल, हातउसने, धान्य यांचा हिशेब वळता होई. ह्या व्यवस्थेत पिळवणुकीस भरपूर वाव होता हे उघड आहे. तरीपण तिला केवळ पिळवणूक म्हणून बाजूस सारणे इतिहासदृष्ट्या पुरेसे होणार नाही. इयन केर यांनी १८५० ते १९०० ह्या काळातील रेल्वेबांधणीवरील आपल्या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे दाखविले आहे की ब्रिटिश भांडवल आणि अभियंते यांनी येथे कामाच्या प्रक्रियेवर थेट ताबा मिळविला असे पुष्कळ ठिकाणी झालेच नाही. मजूर गोळा करण्याच्या व राबविण्याच्या जुन्या रीतींवरच त्यांना विसंबावे लागले. बोरघाटापुरते बोलावयाचे तर वेळापत्रक अभियंत्याचे असले तरी हजेरी मुकादमाची होती. एक मुकादम रुसला तर एक माणूस जात नसे, साठ-सत्तर माणसांची टोळी एका रात्रीत उठून जाई.

कंपनीपासून मजुरापर्यंत पैसा किती हातांतून जाई ते पाहावे. अभियंत्याने काम मोजून दाखला द्यावयाचा, त्यावर कंपनीने कंत्राटदारास रक्कम द्यावयाची, कंत्राटदाराने ती युरोपीय उपकंत्राटदारांस, त्यांनी मुकादमांस आणि मुकादमांनी मजुरांस. खडकाच्या उक्त्या कामात मोजमापाचे तंटे अपरिहार्य असतात, कारण कातळ सरळ फुटत नाही आणि ठरल्या रेषेबाहेर फुटलेल्या दगडाचे पैसे कोणी द्यावयाचे हा वाद कधीच संपत नाही. ह्या साखळीच्या कोणत्याही एका कडीत पंधरा दिवसांचा विलंब झाला तरी शेवटच्या कडीवर उभा असलेला मजूर तोवर वाण्याच्या उधारीवर जगत असतो. त्याच्यापाशी साठवण नसते. डोंगरावर दुसरे काही विकत मिळत नाही. अशा स्थितीत थकलेली मजुरी हा त्याच्या उपजीविकेचाच प्रश्न होतो.

२० जानेवारी १८५९ रोजी हा प्रश्न फुटला. थकलेल्या मजुरीवरून संतापलेल्या मजुरांनी कामावरील युरोपीय देखरेखकांवर हल्ला केला आणि घाटात मोठी दंगल झाली. दिवसही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जानेवारी हा टोळ्या पूर्ण भरलेल्या असण्याचा आणि म्हणूनच देणी सर्वाधिक असण्याचा महिना. १८५७ च्या उठावास दोन वर्षेही झाली नव्हती. त्यामुळे हजारो देशी मजूर आणि मूठभर युरोपीय यांच्यातील ह्या चकमकीने अधिकारीवर्गात साहजिकच खळबळ उडाली. पुढे मार्च १८५९ मध्ये फॅव्हिएलने कंत्राट सोडले. तीन वर्षांच्या कामानंतर चढण अर्धवट राहिली, आणि काही काळ कंपनीच्या स्वॅन्सन ॲडम्सन व जॉर्ज क्लाऊझर ह्या अभियंत्यांनीच काम पुढे रेटले.

फॅव्हिएलच्या अपयशाचे खापर एकट्या मजुरांच्या स्वभावावर वा एकट्या कंत्राटदाराच्या लोभावर फोडणारी स्पष्टीकरणे समाधानकारक वाटत नाहीत. उपकंत्राटदारांच्या साखळीने त्याला दोन सोयी दिल्या. देखरेखीची जबाबदारी वाटली गेली आणि भांडवलाचा काही भार खालच्यांवर पडला. परंतु त्याच साखळीने त्याचा मजुरांशी असलेला संबंधही तोडला. कोणत्या टोळीचे किती देणे थकले आहे हे ज्याला ठाऊक होते त्याच्या हाती पैसा नव्हता, आणि ज्याच्या हाती पैसा होता त्याला ते ठाऊक नव्हते. टोळ्यांच्या नियोजनात पगाराचा दिवस हा हिशेबनिसाचा विषय समजला गेला. तो वेळापत्रकाचाच एक भाग, किंबहुना त्याचा पाया आहे, हे ओळखले गेले नाही.

ह्या दंगलीचा एक परिणाम घाटापुरता मर्यादित राहिला नाही. रेल्वे, कालवे व तत्सम सार्वजनिक कामांवरील मालक व मजूर यांच्यातील तंट्यांविषयी १८६० चा नववा कायदा करण्यात आला. त्याच्या मागे मुंबई इलाख्यातील रेल्वेबांधणीवरील अशा दंगलींची पार्श्वभूमी होती. मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्यापुढे त्वरेने निकालात काढण्याची सोय त्यात होती. ही सोय मजुराच्या हिताची होती हे मान्य केले पाहिजे, कारण दिवाणी दावा लावून मजुरी वसूल करण्यास त्याला ना वेळ ना पैसा. परंतु त्याच कायद्यात अंगावर घेतलेले काम सोडून जाणाऱ्या मजुरास शिक्षा करण्याचीही तरतूद होती. मजुरी थकविणे ही बाकी राहिली आणि काम टाकणे हा मात्र गुन्हा ठरला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५९ मध्ये, उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागीर-मजुरांविरुद्ध तेरावा कायदा झालेला होता. घाटातील टोळ्यांची मोकळीक, म्हणजे मुकादमाच्या मागून उठून जाण्याची शक्ती, हे मजुराच्या हातचे जवळपास एकमेव साधन होते. ह्या दोन कायद्यांनी नेमक्या त्यावरच बोट ठेवले. १८६० चा कायदा, मजूरविषयक शाही आयोगाच्या १९३१ च्या शिफारशीनंतर, १९३२ मध्ये रद्द झाला, म्हणजे बोरघाटात त्याच्या उगमास कारणीभूत झालेली माणसे केव्हाच काळाआड गेल्यावर.

१८५९ च्या उत्तरार्धात कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल ह्या इंग्रज कंत्राटदाराकडे आले. हिंदुस्थानात उतरल्यावर थोड्याच आठवड्यांत त्याचा आजाराने मृत्यू झाला. एवढ्या मोठ्या कामाचा दुसऱ्यांदा असा खोळंबा झाला असता, परंतु त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडले नाही. तिने व्यवस्थापन त्याच ॲडम्सन आणि क्लाऊझर यांच्या हाती सोपविले. ॲलिस ट्रेडवेलने ह्या कामाची छायाचित्रेही जतन केली आणि त्यामुळे तिचे नाव अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. एक स्त्री एवढ्या कामाची कंत्राटदार हा नवलाचा विषय आहे, यात संशय नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, तिने घाट ओळखणारी माणसे बदलली नाहीत. ह्या दोघा अभियंत्यांना कोणत्या बोगद्यात कोणती टोळी चालते, कोणता मुकादम किती माणसे खरोखर आणतो, कोठल्या खिंडीत पाणी कधी आटते, हे कंपनीच्या नोकरीत असतानाच कळलेले होते. मधल्या महिन्यांत कामाच्या देखरेखीचे सूत्र त्यांच्याच हाती होते आणि ते तसेच अखंड राहिले. कंत्राटदार बदलल्यावर प्रत्येक वेळी टोळ्या पांगतात व त्या पुन्हा गोळा करण्यास एक हंगाम जातो, हा बांधकामाच्या धंद्यातला नित्याचा अनुभव आहे. येथे तो टळला असे दिसते.

१८६१ च्या कोरड्या हंगामात चढणीवरील माणसांची संख्या ४२,००० पर्यंत पोचली. पावणेसोळा मैलांत ही संख्या पसरली तर मैलामागे अडीच हजारांच्या वर माणसे पडतात. तत्कालीन दख्खनमधील किती गावांची लोकसंख्या एवढी होती ह्याचा विचार केला म्हणजे डोंगरकडेवर दर मैलास एक मोठे गाव वसले होते असे म्हणावे लागते. फरक एवढाच की ह्या गावांना विहीर नव्हती. झोपड्या उतारावर, मिळेल त्या सपाट तुकड्यावर. पाणी ओढ्यांचे, आणि ते मार्च-एप्रिलात आटत जाणारे. माणसांची संख्या आणि पाण्याची टंचाई ह्या दोन्हींचा कळस एकाच वेळी येई. असे होणे हे वेळापत्रकाच्या रचनेतच अंतर्भूत होते.

पटकीची साथ ही बोरघाटाच्या बांधकामाची नित्याची सोबतीण होती, ती ह्याच कारणाने. जॉन स्नो यांनी लंडनमध्ये पाण्याचा व पटकीचा संबंध १८५४ मध्ये दाखवून दिला असला तरी तो सर्वमान्य झालेला नव्हता, आणि कॉख यांचे जंतुविषयक संशोधन तर १८८४ चे. तेव्हा आजच्या ज्ञानाने त्या काळच्या अभियंत्यांना दोष देणे रास्त होणार नाही. परंतु साथ आली म्हणजे काय होते हे त्यांना दोन-तीन हंगामांत पुरते कळलेले होते. मरणाऱ्यांहून पळून जाणाऱ्यांची संख्या मोठी असे. टोळी गावी परते ती पुढील हंगामापर्यंत येत नसे, आणि परतलेला माणूस गावात जी वार्ता नेई तिने पुढच्या वर्षाची भरतीही आखडे. एका आठवड्याची साथ अशा रीतीने दोन हंगामांच्या कामावर परिणाम करी. अभियंत्यांच्या अहवालांत ही हानी कामाच्या विलंबाच्या रूपाने नोंदलेली आढळते. घाटात मेलेल्यांची नावे त्यांत आढळत नाहीत. आपल्या हाती असलेले लेखन बहुतांशी अभियंते, कंत्राटदार आणि सरकारी अंमलदार यांचे आहे हे अभ्यासकाने प्रत्येक पायरीवर ध्यानात ठेवले पाहिजे. बर्कले यांनी १८६० साली लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे वाचलेला निबंध ह्या विषयाचे एक मोलाचे साधन आहे, पण तोही वरूनच पाहिलेला घाट आहे.

बर्कले स्वतः चढण पुरी झालेली पाहू शकले नाहीत. प्रकृती ढासळल्यामुळे ते स्वदेशी परतले व ऑगस्ट १८६२ मध्ये मरण पावले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते चढणीचे उद्घाटन झाले. उद्घाटन एप्रिलमध्ये झाले ह्यास अर्थ आहे. आणखी सहा-सात आठवडे गेले असते तर पावसाळा आला असता. थळघाटाची चढण ह्याहून पुष्कळ लहान, साधारण साडेनऊ मैलांची व तेरा बोगद्यांची. ती १ जानेवारी १८६५ रोजी खुली झाली.

कामाच्या वेगाचा त्याच्या गुणाशी काय संबंध होता हे पाहणे शेवटी उरते. चुन्याचे बांधकाम सिमेंटप्रमाणे लवकर पक्के होत नाही. ते ओले ठेवावे लागते आणि त्याला वेळ द्यावा लागतो. घाटात पाणी सर्वांत दुर्लभ असे तो महिना आणि गवंड्यांना सर्वांत घाई असे तो महिना एकच होता. शिवाय चांगले गवंडी थोडे, पूल पुष्कळ, आणि घडीव दगडापेक्षा ओबडधोबड दगडाची भिंत त्वरेने उभी राहते. उक्त्या कामात माप घनफुटांचे घेतले जाते, सांध्यांचे नव्हे. भिंतीच्या दर्शनी बाजूस नीट घडलेले दगड आणि पोटात भरताड, असे बांधकाम बाहेरून पाहणाऱ्यास उघडे पडत नाही. ते ओळखण्यास गवंड्याच्या शेजारी दिवसभर उभा राहणारा देखरेखक लागतो, आणि बेचाळीस हजार माणसांच्या कामावर असे देखरेखक किती असणार? जुलै १८६७ मध्ये, म्हणजे उद्घाटनानंतर सव्वाचार वर्षांनी, भर पावसाळ्यात, ह्या चढणीवरील आठ मोठ्या पुलांपैकी माऊकीमळीचा पन्नास-पन्नास फुटी आठ कमानींचा पूल ढासळला. चौकशीत बांधकामाच्या दोषांवर बोट ठेवण्यात आले आणि कंपनीच्या इतर पुलांचीही तपासणी होऊन त्यांतील कित्येक पुन्हा बांधावे लागले. त्यासाठी पुन्हा गवंड्यांच्या व बिगाऱ्यांच्या टोळ्या पाऊस उघडल्यावर घाटात चढल्या.